नाव घालून मिळेल

सकाळी साडेदहाच्या सुमारास, भर जत्रेत, माझा पुढचा डावा पाय लाथेने मोडला. लाथ माणिकरावांची होती. साल १९८०, महिना चैत्राचा.

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. आंब्याच्या फळ्यांचे, घडीचे, वर तीन पायऱ्या असलेले. परभणीच्या सिताराम सुताराने मला भांडी विकणाऱ्या तानुबाईसाठी केले. जमिनीवर मांडलेली भांडी माणूस चालता चालता बघतो आणि पुढे जातो. छातीच्या उंचीवर मांडली की थांबतो. हे तानुबाईला कुणी शिकवले नव्हते.

सेलूचा बाजार, मानवतचा बाजार, गावोगावच्या जत्रा. एसटीच्या टपावर बांधून मला नेले जाई. पोचल्यावर तानुबाई माझे तोंड पूर्वेला करी. लाल खारव्याचे जाड कापड अंथरी, कारण पांढऱ्या कापडावर स्टीलची चमक मरते. खाली पराती आणि पातेली, मध्ये तांबे, वर उपडे पेले. पळ्या आणि उलथणी दोरीला टांगी. वारा आला की ती वाजत. प्रत्येक ओळीत एक जागा मात्र ती मुद्दाम रिकामी ठेवी.

"विकरी सुरू झाल्यावानी दिसाया पायजे," ती म्हणे. "पयलं गिऱ्हाईक व्हायला समदे भितेत."

बाजूला तिचा नवरा सुग्रीव छिन्नी-हातोडी घेऊन बसे. त्याच्या पाटीवर लिहिलेले असे: नाव घालून मिळेल. ठिपक्या-ठिपक्यांनी तो भांड्यावर अक्षर उमटवी. छिन्नी चालते की नाही हे पाहायला बाकीचे कारागीर एखाद्या पत्र्यावर 'श्री' काढतात. सुग्रीव एका झाकणावर 'जय भीम' काढी. ते झाकण माझ्या खाली, गोणपाटात राही. १९८०च्या दोनच वर्षे आधी विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात दलितांची घरे जळाली होती. परगावी ही दोघे आपली जात सांगत नसत. भांडे घेताना कुणी विचारतही नसे.

त्या वर्षी जत्रेचे मुख्य पंच माणिकराव यांनी शब्द दिला होता. भंडाऱ्याच्या पराती तानुबाईकडून घ्यायच्या, त्यांवर 'देवस्थान' असे नाव घालायचे, आणि काम पसंत पडले तर दरवर्षी कमानीच्या आत कायमची जागा द्यायची. कायमची जागा म्हणजे गावोगाव फिरणे कमी. तानुबाईने त्या जागेसाठी आदल्या दिवशी प्रत्येक भांडे चिंच आणि राखेने घासले होते.

सकाळी पराती झाल्या. माणिकरावांनी अक्षरावरून बोट फिरवले. "मोत्यावानी काढलंय रे," ते म्हणाले, आणि पराती देवळात गेल्या.

मग कमलबाई आली. तिने घागर घेतली आणि नवऱ्याचे नाव घालायला सांगितले.

"नाव सांगा, अक्का," सुग्रीव म्हणाला.

"अगं बाई! मी कसं घेऊ त्यांचं नाव?" तिने पदर तोंडाला लावला. "ते समोरचं झाड दिसतंय का? कडू पानाचं?"

"लिंब."

"त्येला 'जी' लाव!"

लिंबाजीच्या नावाने आजूबाजूच्या बायका हसल्या. तानुबाई हसली. गर्दी वाढली, पातेली खपली आणि वरच्या पायरीवर एकदम तीन-चार जागा रिकाम्या झाल्या. एक रिकामी जागा शोभते. चार दिसल्या की माल संपल्यासारखा वाटतो. तानुबाईने खाली हात घातला, गोणपाटातून हाताला लागले ते झाकण काढले, पदराने पुसले आणि सर्वांत वर, उन्हाच्या तोंडाला, उभे केले. तिला वाचता येत नव्हते. सुग्रीव मान खाली घालून 'जी'ची वेलांटी काढत होता.

नजर जिथे जावी म्हणून तानुबाई ही सगळी मांडणी करी, नेमकी तिथेच नजर गेली.

"हे काय लिवलंय रे?" माणिकरावांनी विचारले.

सुग्रीवने वर पाहिले.

"इद्यापीठाचं नाव बदलाया निघालेत, अन् आमच्या देवाचं नाव घालायलेत!" कुणीतरी मागून म्हणाले.

कमलबाईने घागर सुग्रीवच्या पुढ्यात आपटली. "काढ माझ्या मालकाचं नाव. आत्ताच्या आत्ता."

"अक्का, खोदलेलं निघत न्हाई," तानुबाई म्हणाली. "घागर ठिवा, दुसरी न्या."

"तुला कोण बोलायलंय? त्यानं घातलं, त्यानंच काढायचं."

देवळातून पराती परत आल्या. सुग्रीवच्या हातात कानस दिली गेली. तो सगळ्यांदेखत नावे घासत बसला. कानस हातातून निसटून बोटे सोलली. थांबला की पाठीत काठी बसे. बायका बघत होत्या. लिंबाजीच्या 'लिं'वर घागरीला भोक पडले, तेव्हा पुन्हा हशा झाला, मघाशी झाला होता तेवढाच मोठा.

मग मला ती लाथ बसली. भांडी मातीत गेली. विटाळाचा दंड म्हणून पंचांनी मला ठेवून घेतले. घासलेल्या परातीही परत दिल्या नाहीत. त्या संध्याकाळी भंडाऱ्याचा भात त्यांतूनच वाढला गेला.

मला नवा पाय बसवला. तेव्हापासून देवळापुढे माझ्यावर नारळ विकले जातात. मला आणताना कुणी धुतले नाही, एवढी नोंद असू द्या. सुग्रीवचे पुढे काय झाले, ते मला नक्की ठाऊक नाही. तो ऊसतोडीला गेला, असे नारळ घेणाऱ्या एकाने सांगितले. छिन्नी त्याने पुन्हा धरली नाही, असेही तो म्हणाला.

यंदा, १९९४च्या जानेवारीत, विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. चैत्रात तानुबाई आली. एकटीच. केस पिकलेले.

"टेबल माझं हाय. न्याया आले."

माणिकराव आता काठी टेकत चालतात. ते म्हणाले, "तुझं? कुठं नाव घातलंय दाव की."

लोक हसले. तिने माझ्या मागच्या फळीवर हात फिरवला. "हितं भोक हाय. सितारामानं खिळा चुकून मारला व्हता."

"भोकं समद्याच टेबलाला असतेत, बाई. पंच बसले की बघू."

मित्रांनो, माझी निगा या गावाने चांगली राखली. दरवर्षी तेलपाणी होते. तुम्हीही वस्तू जपा. मात्र जपण्याआधी, ती कुणाची आहे, एवढे विचारा.

आज जत्रेचा दुसरा दिवस. दुपारचे तीन वाजले आहेत. माझ्यावर नारळ मांडलेले आहेत. तानुबाई समोर उन्हात बसून आहे. पंच अजून बसलेले नाहीत.