टेकायची जागा

“पैले हात फिरा दीवाल पे, बेटी. फिर ब्रश उठा.” गजालाचे अब्बा, मजीद पेंटर, असं म्हणायचे. चुना लावायच्या आधी भिंतीवरून तळवा फिरवायचे, तापानं फणफणलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा. अब्बा जाऊन बारा वर्षं झाली. गजाला आता घरं सजवते, आणि तिचा हात फिरतो तो टॅबच्या काचेवर.

आज शहरात, गारखेड्यातल्या फ्लॅटच्या रिकाम्या खोलीत तिच्यासमोर गोजरबाई बसली होती. पाचोडचं घर सोडून म्हातारीनं लेकाकडं राहायला यावं, म्हणून ही खोली. आधीची दोन डिझाइनं तिनं नुसती मान हलवून परत पाठवली होती. काय हवं, ते मात्र सांगत नव्हती.

“मॅडम, हे शेवटचं,” तिचा लेक सोमनाथ पुटपुटला. “हेबी नाय पटलं तर आई उद्याच्या एसटीनं पाचोड गाठते. एकटी राहील तिथं.”

या वेळी गजालानं गावच्या घराचे फोटो एआयला दिले होते, ‘या घराची ओळख राहू दे’ असं सांगून. त्यानं पांढरीशुभ्र भिंत काढली, आणि पलंगाच्या वर, मधोमध, मऊ कडांचा एक तपकिरी गोल. गजालाला तो आवडला. तिनं ठेवला.

गोजरबाईनं टॅब हातात घेतला आणि ताडकन उठली. पदर तोंडाशी गेला. हातातून सुटलेला टॅब सोमनाथनं कसाबसा झेलला.

“हे कुणी सांगितलं तुला, पोरी?”

“कुणी नाही, मावशी. मशीननं काढलं.”

“मशीनला काय ठाऊक?”

सोमनाथनं फोनमधला गावचा फोटो मोठा केला आणि गजालासमोर धरला. ओसरीच्या भिंतीवर तोच गोल.

“मॅडम, हा तेलाचा डाग हाय. बाबांच्या डोक्याचा. कामावरून आले की तिथंच टेकून बसायचे. ते गेल्यापासून आई दरसाल चौदा एप्रिलच्या आधी घराला चुना देती, तेवढा डाग सोडून.”

तो फोटो तिनं दहादा पाहिला होता. मशीननं डागाला नक्षी मानलं, पण पाहिलं तरी. तिला तर तो दिसलाच नव्हता.

तिनं टॅब बाजूला ठेवला. कोऱ्या भिंतीवरून तळवा फिरवला.

“मावशी, मशीननं हे पलंगावर नेऊन टांगलं. खरं कुठं पाहिजे?”

गोजरबाई खिडकीजवळच्या भिंतीशी जमिनीवर बसली. आपल्या डोक्याच्या वीतभर वर तिनं हात टेकवला. “उंच व्हते ते.”

गजालानं त्या हाताभोवती पेन्सिलीनं गोल काढला. “इथं चुना घोटून गुळगुळीत करून घेते, माझे अब्बा घोटायचे तसा. वरून जवसाचं तेल चोळीन, म्हणजे तसाच तपकिरी रंग धरेल. खाली सतरंजी. पलंग तिकडं.”

गोजरबाई हात काढेना.

“लई बोलायचे मी त्यांना, भिंत घाण करता म्हणून. एकदा पाव्हण्यांदेखत बोलले. त्या दिसापासून त्यांनी भिंतीला डोकं लावलं नाय. दुखण्यात बी वीतभर दूर बसायचे, डुलत. मला दिसत व्हतं. तोंडातून शब्द निघाला नाय.”

सोमनाथ आईकडं बघतच राहिला. हे त्याला कधी कळलं नव्हतं.

गोजरबाई जराशी सरकली, शेजारी एका माणसापुरती जागा केली, आणि त्या गोलाकडं बघत म्हणाली,

“टेका वो. टेका आता.”