बोचकं दिलंस का?

मी एक जुनी, निळी चारचाकी आहे मित्रांनो, आणि थापाडी आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून तक्रार नको. माझ्या थापा ऐकून शेजारची स्कूटर दोनदा स्टँडवरून घसरलीय. एकदा मी आगगाडीला मागे टाकलं होतं. एकदा असं कडक ऊन होतं, की माझी सावली माझ्याच खाली येऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर निघेना. एकदा चढावर माझे ब्रेक गेले, तर मी श्वास रोखून धरला आणि दीड तास तशीच उभी राहिले. खरं वाटत नाही? नका मानू. पण आज जे सांगणार आहे त्यात एवढीशीही थाप नाही. असती तर फार बरं झालं असतं.

कारखान्यात मला जोडलं तेव्हा जोडणारा माणूस माझ्या मागच्या दाराच्या पोटात एक नट विसरला. दार आपटलं की तो अजून आत खुळखुळतो. तेव्हापासून मला ठाऊक आहे, चांगली, हुशार हाताची माणसंसुद्धा माझ्यात काहीबाही विसरून जातात. छत्र्या विसरले, डबे विसरले. एक जण तर आपली कवळी विसरला. ती दोन दिवस माझ्याकडे बघून हसत होती. अशा वेळी मी मनात म्हणायची, जाऊ दे, वस्तूच आहे, येईल कोणीतरी घ्यायला. आणि यायचंही कोणीतरी.

दोन मालक झाल्यावर मी या घरी आले. घर तिघांचं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठे लिफ्ट अडकली, आत माणसं कोंडली, की याला फोन. आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. आणि तिसरं म्हणजे बोचकं.

त्याचं कागदावरचं नाव वेगळं होतं, चांगलं भारदस्त. पण दवाखान्यातून आणलं त्या दिवशी त्याला दोन टॉवेलात असं काही गुंडाळलं होतं, की बाबा म्हणाला, "अगं, हे तर बोचकं दिसतंय!" आई इतकी हसली, की टाके दुखले. त्या दिवशी मी खड्डे चुकवत अशी अलगद चालले, की मागे बोचक्याला जांभई आली तरी ती अर्धी सांडली नाही. बाबाने उतरताना माझ्या टपावर थाप मारली आणि म्हणाला, "शाब्बास, म्हातारे!" माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक तेवढंच. मला पुरलं.

आता घरात आणखी एक बोचकं होतं. दर मंगळवारी मळके कपडे जुन्या चादरीत बांधून लॉन्ड्रीत द्यायचे, ते बोचकं. दोन्ही माझ्या मागच्या सीटवरच. मुलाचं त्याच्या खुर्चीत पट्ट्याने बांधलेलं, कपड्यांचं त्याच्या शेजारी.

"बोचकं घेतलंस का?" आई जिन्यातून विचारायची.

"कुठलं? रडणारं की मळकं?"

"दोन्ही मळकीच आहेत. घे दोन्ही!"

लॉन्ड्रीवाली काकू पण काही कमी नव्हती. खिडकीतून वाकून ती मुलाचा गाल ओढायची आणि म्हणायची, "काय हो, हे बोचकं नुसतं धुवायचं, की इस्त्रीपण करायची?" सगळे हसायचे. मीही हसायची. हसताना माझ्या दारातला नट वाजायचा, आणि का कोण जाणे, मला तो आवाज आवडायचा नाही.

कामं ठरलेली होती. कपड्यांचं बोचकं बाबा द्यायचा. मुलाला पाळणाघरात आई द्यायची, मग बाबा तिला दुकानाशी सोडायचा. रोज तेच. माझी चाकं झोपेतसुद्धा त्या वळणांवर वळली असती. आणि खरी भीती तिथेच होती. रोजचा रस्ता माणसाचे हातच चालवतात, डोकं भलतीकडेच असतं.

त्या मंगळवारी दुकानाची किल्ली आईकडे होती. तिला लवकर जाऊन दुकान उघडायचं होतं, म्हणून ती बसने निघून गेली. बाबाने दोन्ही बोचकी माझ्यात ठेवली. मुलाला दाढ येत होती, रात्रभर तो झोपला नव्हता आणि त्याने कुणाला झोपू दिलं नव्हतं. निघताना त्याने आपली दुधाची बाटली कपड्यांच्या बोचक्यात, चादरीच्या गाठीखाली खुपसली. त्याला तशी खोडच होती, हाती येईल ते कुठेतरी कोंबायचं. मग त्याची मान कलली आणि तो झोपला. बाबाच्या सीटमागे झोपलेलं एवढंसं पोर आरशात दिसतही नव्हतं.

लॉन्ड्रीशी थांबलो. काकू दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती, बाबाने कपडे काउंटरवर टेकवले आणि तो परत आला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एका उंच इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत एक आजोबा. "लवकर या, त्यांना घाम फुटलाय." बाबाने मला तिकडे वळवलं. पाळणाघर उजवीकडे होतं. आम्ही डावीकडे गेलो.

वळतोय तोच आईचा फोन.

"बोचकं दिलंस का रे?"

"दिलं, दिलं."

"रडलं का?"

बाबा हसला. "रडतंय कशाला? काकूंनी बघितलंही नाही, नुसतं टेकवून आलो."

पाळणाघर चालवणारीलाही ते काकूच म्हणायचे, मित्रांनो. आई म्हणाली, "बरं झालं बाई," आणि फोन ठेवला. पुढे दिवसभर तिचा फोन ड्रॉवरमध्ये असायचा. डोळे तपासताना तो जवळ ठेवत नाहीत.

इमारतीच्या आवारात बाबाने मला मुद्दाम सावलीत लावलं. "गरम नको व्हायला, म्हातारे," म्हणाला. अवजारांची पिशवी घेतली, काचा वर केल्या, दारं लावली. लॉकचा आवाज झाला. नट खुळखुळला. तो पळतच आत गेला.

सावली इमारतीची होती. सूर्य वर चढतो तशी ती आखडते. मी तिच्याकडे बघत होते. आधी ती माझ्या टपावरून सरकली. मग मागच्या काचेवरून. मग मला सोडून बाजूच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली, जशी काही आपली ओळखच नाही.

मुलगा जागा झाला. आधी त्याने खिडकीकडे बघितलं. मग म्हणाला, "बाबा?" मोठ्याने नाही, विचारल्यासारखं. मग पाय आपटले. मग रडला. खूप रडला. आवारात कोणी नव्हतं आणि काचा बंद होत्या. त्याचे केस कपाळाला चिकटले. पट्ट्याचं बक्कल तापलं होतं, त्याने हात लावला आणि झटकन काढला.

दीड वर्षाच्या पोराला किती शब्द येणार? जेवण झालं की खुर्चीतून उतरवा, हे सांगायला त्याचा एक शब्द होता. तो तेच म्हणायला लागला. "संपलं." दोन्ही हात वर करून. "संपलं. संपलं." मग हात खाली आले.

इथे मला थाप मारायचीय, मित्रांनो. फार मारायचीय. मी जीव खाऊन हॉर्न वाजवला, काच आपोआप खाली केली, चाकांवरून उडी मारून लिफ्टच्या दाराशी गेले, असं सांगायचंय. आगगाडीला मागे टाकणारी मी! पण मी काहीही केलं नाही. मी लोखंड आहे. मी उभी होते आणि तापत होते. त्याला भाजत होतं ते ऊन नव्हतं, मीच होते.

पुढचं मी नंतर ऐकलं, माझ्यातच बसून सगळे पुन्हा पुन्हा बोलत होते.

लॉन्ड्रीवाल्या काकूने बोचक्याची गाठ सोडली, तर आत बाटली. दूध काठोकाठ. तिने बाबाला फोन लावला. तो लिफ्ट वर-खाली जाते त्या पोकळीत, तिथे रेंज नाही. मग आईला लावला. दुकानात एक आजी समोरची अक्षरं वाचत होत्या, त्या म्हणाल्या, "मुली, अक्षरं दिसत नाहीत, पण तुझा ड्रॉवर थरथरतोय, तो चष्म्याशिवाय दिसतोय." एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा आईने ड्रॉवर उघडला.

"ताई, तुमच्या बोचक्यात बाटली आलीय. भरलेली. मग पोरगं पितंय काय?"

आईने पाळणाघरात फोन केला.

"आज नाही आलं तुमचं बोचकं. आम्ही म्हटलं, दाढ येतेय, ठेवलं असेल घरी."

आई खाली बसली. मग उठली. बाबाच्या ऑफिसात फोन करून तिने इमारतीचा नंबर मिळवला. तिथला फोन दारावरच्या वॉचमनने उचलला, तिने त्याला एवढंच सांगितलं, "निळी गाडी. मागची सीट. पळा हो!" तो आधी माझ्याकडे पळत आला. काचेला कपाळ लावून बघितलं आणि उलटा पळाला. लिफ्टच्या पोकळीत तोंड घालून ओरडला, "साहेब, गाडीत कोण आहे तुमच्या?"

"कोणी नाही!" बाबा वरून म्हणाला. "का?"

"मूल आहे, साहेब!"

"नाही हो, बोचकं मी दिलं ना, लॉन्ड्री..."

तिथे तो थांबला, असं वॉचमन सांगतो. वाक्य अर्धंच. मग आवाज आला तो फक्त जिन्यावरून पडत-धडपडत येणाऱ्या पायांचा.

माझी किल्ली वरच राहिली होती. त्याने हातातल्या पान्याने माझी मागची काच फोडली. मित्रांनो, आयुष्यात मला कोणी इतक्या जोरात मारलं नव्हतं, आणि मी म्हणत होते, अजून मार. मुलगा त्याच्या हातात एखाद्या ओल्या कपड्यासारखा लोंबत होता. वॉचमनने नळाचं पाणी ओतलं, एक बादली, दुसरी बादली. तिसरीला मुलाने तोंड वेडंवाकडं केलं आणि बारीक, गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज काढला. तो रडला. लिफ्टमधले आजोबा आणखी पाऊण तास आतच होते.

चार दिवसांनी दवाखान्यातून तिघं माझ्यात बसून घरी आले. मागच्या काचेच्या जागी प्लास्टिक लावलेलं, ते सारखं फडफडत होतं.

"तू दिलं म्हणालास," आई म्हणाली.

"तू बोचकं म्हणालीस," बाबा म्हणाला.



त्या दिवसापासून त्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही. कपड्यांना ते आता कपडे म्हणतात. मुलाला कागदावरच्या नावाने हाक मारतात. पण त्याला ते नाव माहीतच नाही. आई हाक मारते, पुन्हा मारते, आणि तो दुसरीकडेच बघत खेळत बसतो. कोणीतरी दुसऱ्यालाच बोलावतंय असं त्याला वाटतं. माझ्याजवळ आणलं की मात्र अंग ताठ करतो.

मला कोणी धुतलं नाही, त्यात त्यांची चूक नाही. काल मला विकायचं ठरलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या, पुसा, झाका. मला नका पुसू. गंजू द्या मला. तुम्ही एवढंच करा, गाडी थांबली की उतरायच्या आधी मागे बघा, आणि मोठ्यांना मोठ्याने विचारा, मागे कोण आहे? धाकट्याचं खरं नाव घेऊन विचारा. ते वैतागतील, कामाच्या घाईत असतील, म्हणतील दिलं, घेतलं, ठेवलं. तरी विचारा.

आज सकाळी नव्या मालकाचा फोन आला होता. बाबा माझ्या बॉनेटला टेकून बोलत होता.

"हो, मागे लहान मुलाची खुर्ची बसते," तो म्हणाला. "एक सांगू का? गाडी चालवताना तुमची एक चप्पल मागे ठेवत जा, खुर्चीच्या पायाशी. नाही, मुलाची नाही. तुमची. अनवाणी उतरायची वेळ आली, की मागचं दार उघडावंच लागतं."

पलीकडचा माणूस हसला. इतका मोठ्याने, की मलाही ऐकू आलं.

"हसू नका," बाबा म्हणाला. "हसू नका हो."