मोर्तानने कळप वळवला

मंगळवारी दुपारी माझा नवरा मोर्तान छपरावरचं गवत कापत होता, तेव्हा समुद्रातून, होडीवरच्या ऑलीचा फोन आला. "देवमासे! दीडएकशे असतील. खाडीच्या तोंडाशी!"

मोर्तान शिडी धड न उतरता खाली उडीच मारून आला. फेरो बेटांवरच्या आमच्या खाडीतल्या देवमाशांच्या शिकारीचा तो प्रमुख. जिल्ह्याच्या अंमलदाराची परवानगी पंधरा मिनिटांत आली. अर्ध्या तासात बावीस होड्या कळपाला मागून रेटत आत आणू लागल्या. मी दुकान बंद केलं आणि सासऱ्यांना, हानुसना, घेऊन किनाऱ्यावर गेले. मोर्तानच्या आधी तीस वर्षं तेच प्रमुख होते.

किनाऱ्यावर माणसं कमी होती. गावातले निम्मे पुरुष मोठ्या जहाजांवर लांब गेलेले. आकडे आणि भाले घेऊन जेमतेम चाळीस जण उभे. वर टेकडीवर सात-आठ परदेशी, कॅमेरे रोखून. शिकार बंद करा म्हणायला ते पंधरा दिवसांपासून गावात राहिले होते.

तेवढ्यात ऑली पुन्हा फोनवर ओरडला, "मोर्तान, दुसरा कळप मिसळलाय! चारशेच्या वर गेले!" त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

मोर्तान गुडघाभर पाण्यात शिरला, बाहेर आला, परत शिरला. ओठांत काहीतरी मोजत होता.

"माणसं काय मोजतोस?" हानुस म्हणाले. "मासे बघ."

"बाबा, चाळीस माणसं आणि चारशे मासे. शेवटचा किती वेळ तडफडेल?"

"आम्ही तीस जणांनी केलंय."

"केलंय ना. मी नऊ वर्षांचा होतो. रात्रीपर्यंत तडफडताना ऐकू येत होते ते."

मोर्तानने फोन तोंडाशी धरला. "ऑली, वळवा. बाहेर हाकला सगळे."

"डोकं फिरलं का तुझं? कॅमेऱ्यांना घाबरलास?"

"वळवा म्हटलं ना!"

पण मासे जाईनात. होड्या पुढून आडव्या आल्या, की कळप गोल फिरून परत किनाऱ्याकडेच यायचा. चार तास हे चाललं. संध्याकाळी पाचला पाण्यावरची शेवटची काळी पाठ दिसेनाशी झाली. माणसं ओली, चिडलेली घरी निघाली. "हिवाळ्यात कॅमेरे उकडून खाऊ या!" कुणीतरी मोर्तानला ऐकू जाईल असं म्हणालं.

कॅमेऱ्यांमुळे दोन दिवसांत तो प्रकार जगभर पोचला. 'दयाळू फेरोकर.' अनोळखी लोक मोर्तानला आभाराचे निरोप पाठवू लागले. तो एकेक वाचायचा आणि फोन पालथा ठेवायचा. झोप नाही, जेवण नाही. शेळपट म्हटलेलं त्याने सोसलं असतं, हे सोसवेना.

"मी यांच्यासाठी नाही केलं," तो म्हणाला.

"माहीत आहे मला. माणसं कमी होती."

"हो." मग खिडकीशी जाऊन, "पण टेकडीकडे मी दोनदा बघितलं होतं, रान्वा."



शनिवारी उत्तरेकडच्या खाडीत एक कळप शिरला. आपलाच की दुसरा, कुणास ठाऊक. तिथे किनाऱ्यावर तीनशे माणसं जमली होती. मोर्तान न सांगता गेला. मासे ओढायचा दोर धरून छातीभर पाण्यात उभा राहिला, सगळ्यांसारखा. दहा मिनिटांत आटोपलं, म्हणाला. कॅमेरे तिथेही होते. त्याच रात्री आभाराचे निरोप थांबले आणि शिव्या सुरू झाल्या.

त्याच्या वाट्याचं मांस मी उकडलं. हानुसनी पोटभर खाल्लं. मोर्तानने दोन घास घेतले, उठला, आणि अंमलदाराला पत्र लिहून प्रमुखपद सोडलं.

ते ऑलीला मिळालं. आठवड्याभराने तो आमच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. आत यायला तयार नव्हता.

"काय रे, ये की," मोर्तान म्हणाला.

"एक विचारायचंय. चाळीस माणसं असली, तर किती मासे झेपतात?"

मोर्तानने हातातली गवताची कात्री खाली ठेवली. "साठ. फार तर सत्तर. वारा उलटा असला तर तेवढेही नाहीत."

"आणि जास्त आले तर?"

मोर्तान बाहेर गेला. दोघं कुंपणापाशी खालच्या आवाजात बोलत राहिले. मी दोनदा जेवायला हाक मारली. कुणी वळून पाहिलं नाही.