खचलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुना जॅक आहे. पाया खचला की त्याच्याखाली उभे राहून घर पेलायचे, हे माझे काम. ओतीव लोखंडाचे बूड, जाड आट्यांचा स्क्रू आणि पसरट डोके, असा माझा घाट. स्वस्थ बसणे मला कधी जमलेच नाही. ओझे आले की जीव घुसमटायचा, ओझे नसले की चैन पडायची नाही.

एका सकाळी एक शिंपी माझ्या मालकीणबाईंकडे, घरे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीबाईंकडे, धापा टाकत आला. बाईंच्या हाती मी त्यांच्या वडिलांकडून आलो होतो.

"आई आतल्या खोलीत अडकलीय! दार जाम झालंय. फोडू का?"

"हात लावू नका. भिंतीचा भार आता त्याच चौकटीवर असेल."

आम्ही गेलो. खिडकीला गज होते. बाईंनी बाहेरून कोपरा खणला, तर आत नुसता चिखल. मोरीचा पाइप फुटून पायाखालची माती वाहून गेली होती.

"इथं खरोखरच पाणी मुरलंय," बाई म्हणाल्या. "दार कधीपासून अडकतंय?"

"सहा महिने झाले. मी रंधा मारून घेतला दोनदा."

बाईंनी फळी टाकून मला पायाखाली बसवले. पाव फेरा फिरवायचा, थांबायचे, भिंतीला कान लावायचा. पुन्हा पाव फेरा. माझा स्क्रू नुसता शिवशिवत होता.

"अहो, जरा भरभर फिरवा ना!" शिंपी म्हणाला.

"भिंत आईच्या अंगावर आणायचीय का?"

आतून आवाज आला, "गप बस रे! त्यांना काम करू दे."

तेवढ्यात फळी एका बाजूने चिखलात रुतली. मी कलंडू लागलो. ओरडायला मला तोंड कुठे? पण बाईंचा हात माझ्यावरच होता. त्या थबकल्या, मला सैल केले, खाली दगड ठोकून दुसरी फळी घातली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

दुपारी दार करकरत उघडले. म्हातारी बाहेर आली. तिने बाईंचा चिखलाने माखलेला हात कितीतरी वेळ धरून ठेवला.

पायात ओतलेले नवे काँक्रीट पक्के होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. पुढे तेलाच्या दाबावर चालणारे जॅक आले आणि मी भिंतीवरच्या फळीवर गेलो. आट्यांत गंज चढतो आहे. रस्त्यावरून ट्रक गेला की फळी थरथरते आणि मला वाटते, बोलावणे आले.

मित्रांनो, जुन्या अवजाराला अधूनमधून तेल द्या. आणि घरात कुठे भेग दिसली, तर मोठ्यांना आजच सांगा. ते "बघू" म्हणाले, तर पुन्हा सांगा.