एक जूनला जन्मलेले भक्त

विचुंब्यात नव्या इमारतींच्या मागे मांडव पडला होता आणि मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. टॉवरमधले साहेबलोक आणि गावातल्या म्हाताऱ्या एरवी एकमेकांकडे बघतही नाहीत. आज मात्र मांडीला मांडी लावून बसले होते. नामशुद्धी महाराज आले होते ना. हे महाराज हात बघत नाहीत, पत्रिका बघत नाहीत, अंगारा देत नाहीत. हे माणसाची पत बघतात.

"कुंडली जुनी झाली, बाळांनो," महाराज माइकवरून सांगत होते. "पूर्वी नशीब कपाळावर लिहिलेलं असायचं, आता सिबिलमध्ये लिहिलेलं असतं. आकडा घसरला की समजा, नावावर शनी बसला. बँकेतला साहेब नाही म्हणतो ना, तो साहेब नसतो. शनी असतो."

लोकांनी माना डोलावल्या. बँकेतल्या साहेबाचा राग कुणाला नसतो?

तिसऱ्या रांगेत कमळाबाई पदर सावरून बसल्या होत्या. अर्ध्या विचुंब्याचा आगरी मसाला त्यांच्या हातचा. उभा जन्म दुसऱ्याच्या डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, रांग लावून मिरच्या कुटून घेण्यात गेला. आता स्वतःचा डंक घ्यायचा, दारात बसवायचा आणि मरेपर्यंत त्याची धडधड ऐकायची, एवढीच त्यांची इच्छा होती. बँकेने मात्र कर्ज नाकारलं. का, तर त्यांच्या नावावर मोबाईलवरून घेतलेली आणि बुडवलेली दोन कर्जं होती. कमळाबाईंना मोबाईल उचलता आणि ठेवता येत होता, बाकी काही नाही.

"तुमची कागदपत्रं कुणीतरी वापरलीत, आई. तक्रार करूया," सून विनिता आठवडाभर सांगत होती. नवीन पनवेलच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची.

"माजी कागदं कोन वापरंल? त्यावरचा माजा फोटू बघून कुत्रा पन पळंल," कमळाबाई म्हणाल्या. "माज्या नावावर सावली पडलीय. महाराज काडतील. आनि रुपया पन घेत नाय तो मानूस."

रुपया घेत नाही, यावरच सगळे भाळले होते. म्हणून विनिता मुकाट्याने सोबत आली होती, पण पेपरला बसलेल्या मुलांवर नजर ठेवावी तसा तिचा चेहरा होता.

पद्धत सोपी होती. दारात रुचिरा नावाची गोड बोलणारी मुलगी तुमचा मोबाईल नंबर घ्यायची. आधार आणि पॅनची झेरॉक्स न वाचता, तुमच्यादेखत पिवळ्या पोटलीत बांधायची. पोटली धूप द्यायला पडद्यामागे जायची. तेवढ्यात तुमच्या फोनवर एक आकडा यायचा. "हा तुमचा दर्शन क्रमांक, सांगा," असं रुचिरा म्हणायची, आणि लोक भक्तिभावाने सांगायचे. मग ती बांधलेली पोटली महाराजांपुढे यायची. ते झेंडूच्या ढिगाआड ठेवलेल्या ताम्हनातल्या पाण्यात बघायचे आणि बोलायला लागायचे. शेवटी फोनवर शुद्धीचा दुसरा आकडा यायचा, लोक तोही सांगायचे, आणि कागद शुद्धीच्या होमात जाळले जायचे.

कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला सत्यजीत पुढे गेला.

"चारचाकी. पुण्यात राहत होतास तेव्हाची," महाराज पाण्यात बघत म्हणाले. "तीन हप्ते चुकले. बायकोला सांगितलं नाहीस."

सत्यजीतने लोटांगणच घातलं. बायको बायकांच्या रांगेत होती, तिला तिथेच कळलं.

मग कमळाबाईंचं नाव पुकारलं गेलं.

"दोन कर्जं, माते," महाराज म्हणाले. "तू घेतलेली नाहीस. शनीची सावली आहे." कमळाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर कुणीतरी आपल्याला चोर समजतंय असं त्यांना वाटत होतं. हा पहिला माणूस, ज्याने न विचारता खरं ओळखलं. महाराजांना तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण भक्त पाघळलेला बघून त्यांना चेव आला. "तुझा जन्मच त्या घटकेचा. एक जून. ग्रहच वक्री होते."

कमळाबाईंचं रडू जागच्या जागी थांबलं.

"एक जून नाय," त्या म्हणाल्या. "मी दिवालीची हाय. लक्षुमीपूजनाच्या रातीला जल्मले, म्हनून बापानं कमळा नाव ठेवलं."

"मला पाण्यात दिसतंय, माते. एक जून."

"ती तारीक शालेतल्या गुरुजींनी लिवलेली. बापाला तारीक ठावं नव्हती, तं गुरुजींनी शाला सुरू व्हायच्या हिशेबानं लावून टाकली."

"शरीराचा जन्म वेगळा, आत्म्याचा वेगळा," महाराजांनी सावरलं.

"मंग आत्म्याला पन गुरुजींनीच शालेत घातला का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात कमळाबाईंचा फोन वाजला आणि रुचिरा लगबगीने जवळ आली. "आजी, शुद्धीचा आकडा आला. पटकन सांगा, मुहूर्त जातोय."

कमळाबाईंनी एकदा महाराजांकडे बघितलं, एकदा रुचिराकडे. डंक डोळ्यांपुढे होता. आकडा सांगितला की सावली गेली. पण ज्याला आपली दिवाळी दिसली नाही, त्याला आपली सावली तरी कशी दिसली असेल? त्यांनी फोन सुनेकडे दिला. "विनिता, वाच गं. काय लिवलंय?"

विनिता उभी राहिली आणि वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात इंग्रजीचं मराठी करत वाचायला लागली. "'तुमच्या कर्जाच्या अर्जासाठी हा गुप्त आकडा. तो कुणालाही सांगू नका.' आई, तुमच्या नावाने आत्ता, या मांडवातून तिसरं कर्ज निघतंय. आणि दारात आलेला मेसेज ऐका. 'तुमचा पत अहवाल बघण्यासाठी गुप्त आकडा.' हा झाला तुमचा दर्शन क्रमांक. कर्जं, हप्ते, जुने पत्ते, सगळं त्या अहवालात असतं. महाराज पाण्यात नाही, अहवालात बघतायत."

"पण पोटली तर बांधलेली असते," कुणीतरी म्हणालं.

"इथे एक जूनला जन्मलेले किती जण आहेत? हात वर करा."

म्हाताऱ्यांचे हात भराभर वर गेले. मांडवभर हात.

"आणि ज्यांची आईसुद्धा एक जूनच सांगायची, असे कोण?"

हात खाली आले. एकच राहिला, तोही शेजारणीने ओढून खाली केला. मांडव खदखदून हसला.

"म्हणजे देवालाही गुरुजींचीच तारीख दिसते," विनिता म्हणाली. "धूप देताना पोटली सोडून कागद वाचल्याशिवाय ती कशी दिसेल?"

सगळ्यात जास्त चिडला होता सत्यजीत, कारण त्याला अजून घरी जायचं होतं. त्याने झेंडूचा ढीग बाजूला सारला. ताम्हनाला टेकून टॅब उभा होता आणि त्यावर कमळाबाईंचं नाव झळकत होतं. झटापटीत ताम्हन कलंडलं. "अरे, पाणी गेलं त्यात," महाराज ओरडले, आणि तो आवाज अगदी तुमच्याआमच्यासारखा होता.

पोलीस आले तेव्हा पडद्यामागे झेरॉक्सचे गठ्ठे सापडले. शुद्धीच्या होमात रोज जळत होती ती नुसती रद्दी. महाराज रुपया घेत नव्हते हे खरंच. रुपया कशाला घेतील? अख्खी माणसंच घेऊन चालले होते.

मग पहिली दोन कर्जं कुणाची? त्या रात्री भात लावताना कमळाबाईंना आठवलं. गेल्या वर्षी बाजारात एकाने झेरॉक्सच्या आणि फोनवरच्या आकड्याच्या बदल्यात फुकट कुकर दिला होता.

"तरीच मेल्याला शिट्टी नव्हती," त्या म्हणाल्या.

विनिताने सायबर तक्रार केली, कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवलं आणि पत अहवालातली चूक दुरुस्त करायला अर्ज टाकला. हेलपाटे झाले, फोनवर गाणी ऐकत ताटकळावं लागलं, पण दोन्ही कर्जं नावावरून निघाली. मिरच्यांच्या हंगामाआधी दारात डंक बसला.

यात शनीचा काही संबंध नव्हता, तसा गुरूचाही नव्हता. आपली पत ही आपलीच वस्तू आहे. वर्षातून एकदा तो अहवाल फुकट मिळतो, तो स्वतः बघावा. झेरॉक्सवर ती कशासाठी दिली ते आडवं लिहावं. फोनवरचा गुप्त आकडा देवानेही मागितला तर देऊ नये, कारण देवाला तो लागत नाही. आणि समोरचा आपल्याबद्दल खरं बोलला, तर नमस्कार करण्याआधी त्याला ते कळलं कुठून, एवढं विचारावं.

परवा शेजारची गोदू डंकावर आली. "गव्हानला एक बाई आलीय," ती म्हणाली. "न सांगता सगला वलखते. कागदं घेऊन जायाची. तुमी येता?"

कमळाबाईंनी मिरच्यांवरून नजर न काढता सांगितलं, "तुजी तारीक पन गुरुजींनीच लिवलेली. तिला तुजा वाढदिस इचार. एक जून बोलली, तं कागदं घेऊन तशीच माघारी ये."