उशीर पकडणारा ऑसिलोस्कोप

मित्रांनो, करड्या पत्र्याचा, मोठ्या बटणांचा आणि घरघरणाऱ्या पंख्याचा जो डबा तुम्हाला दिसतो आहे, तो मी, एक जुना ऑसिलोस्कोप. विजेचे सिग्नल पडद्यावर रेघा काढून दाखवणे हे माझे काम. नखाएवढ्या चिपच्या आत असंख्य सिग्नल धावत असतात. एखादा रेंगाळला, की चिप चुकीचे उत्तर देते. पापणी लवायला लागणाऱ्या वेळेचा अब्जावा भाग, एवढासा उशीरही मी पकडायचो.

कारखान्यातून मी थेट चिप तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आलो. तिथल्या इंजिनिअरला सगळे ताई म्हणत. सकाळी आल्या आल्या ती मला चालू करी आणि मी नीट गरम होईपर्यंत स्वतःचा चहा गार करून घेई.

एकदा नवजात बाळांच्या श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राची चिप आली. मोठ्या साहेबांनी ती स्वतः आखली होती आणि दुसऱ्याच दिवशी कारखान्यात ती बनायला लागणार होती. ताईने सूक्ष्मदर्शकात बघत चिपवर दोन बारीक सुया टेकवल्या आणि चिप हळूहळू तापवली. माझ्या पडद्यावरच्या दोन रेघांपैकी एक मागे पडू लागली.

"साहेब, गरम झाली की हा सिग्नल उशिरा येतोय."

साहेब वैतागले. "कॉम्प्युटरवर सगळं बरोबर आलंय. तुझा हा डबा म्हातारा झालाय. नाहीतर सुईत काहीतरी घोळ असेल."

मला फार लागले ते. पण सुईची शंका रास्त होती, कारण सुई टेकली की सिग्नल किंचित मंदावतोच. ताई चिडली नाही. तिने दोन्ही सुयांची अदलाबदल केली.

"दोष सुईचा असेल, तर आता उशीर दुसऱ्या सिग्नलला होईल. बघा तुम्हीच."

चिप पुन्हा तापली. पुन्हा तोच सिग्नल मागे पडला. साहेब खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि दोन्ही रेघा निरखून बघितल्या. मग त्यांनी फोन उचलला. "उद्याचं काम थांबवा. हो, चूक माझीच आहे." फोन ठेवून ते हळूच म्हणाले, "वाचलो गं, ताई."

चिप नव्याने आखली गेली आणि तापूनही वेळेवर चालली. त्या दिवशी साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पुढे चिपमधल्या तारा इतक्या बारीक झाल्या, की सुया तिथे टेकेनात. वेळ मोजायची सोय चिपच्या पोटातच होऊ लागली. माझी रवानगी सामानखोलीत झाली. पंख्याच्या जाळीत धूळ साचली, माझ्या मुठीवर कुणीतरी ओला रेनकोट अडकवून ठेवू लागले. मग एके दिवशी भंगारवाला आला. त्याने मला उचललेही होते.

"अहो, तो खाली ठेवा. चालतोय तो!" केस पिकलेली ताई दारातून ओरडली.

तिने ब्रशने माझी जाळी साफ केली. आता नवे इंजिनिअर माझ्यावर हात बसवून घेतात.

मित्रांनो, जुन्या यंत्रांवरची धूळ अधूनमधून झटका. प्लग काढताना वायर ओढू नका. आणि आम्ही तुम्हाला नको ते दाखवले, तर रागावण्याआधी एकदा पुन्हा मोजून बघा.