खिडकीपाशी टेबल असलेली खोली

"कितने घंटे के लिए?" काउंटरमागच्या माणसाने रजिस्टरमधून डोकं वर न काढता विचारलं.

काशीला प्रश्नाचा रोख कळला नाही. "घंटे नाही. पूरा दिन," ती म्हणाली. "येत्या बुधवारी, तीस तारीख. गुरुवारी सकाळी जाएंगे."

चंदरला मात्र कळला. त्याने बहिणीच्या हातातली पिशवी धरली आणि तिला जवळजवळ ओढतच पायऱ्यांखाली आणलं.

"काय झाला रे? खोली तरी बघू दे."

"खोली नको न काय नको. तुला नाय समाजला त्येच बरा हाय."

मग तिलाही समजलं. तिने डायरी काढली आणि तिसऱ्या नावावर रेघ मारली. सहार विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळपासून बघितलेलं हे तिसरं हॉटेल. पहिल्यातल्या खोलीला खिडकीच नव्हती. दुसऱ्यातली खिडकी समोरच्या भिंतीपासून दोन हातांवर उघडत होती. दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागत होती.

"तुला उजेड कशाला पायजे येवढा?" चंदर म्हणाला. "खोलीत झोपायचा हाय का शिवणकाम करायचा हाय?"

"पायजे," ती म्हणाली. यापुढचं तिने भावालाही सांगितलं नव्हतं.

काशी मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होती. चौदा वर्षं. मलेरियाच्या स्लाइड, थुंकी, रक्तगट, साखर. जे काचेखाली दिसेल तेच रजिस्टरमध्ये लिहायचं, हा तिचा स्वभाव होता आणि सोयीचाही होता. नवरा भगीरथ वेल्डर. नव्वद साली दुबईच्या बाजूला गेला, त्र्याण्णवमध्ये महिनाभर येऊन गेला. त्या वेळी गावातल्या राघोच्या जीपमधून अर्धं गाव विमानतळावर त्याला आणायला आलं होतं. परतताना जीपच्या टपावर दोन खोकी दोरीने बांधलेली होती आणि त्यांवर काळ्या रंगात, लांबूनही वाचता येईल एवढं मोठं, त्याचं नाव होतं. मुरबाड-म्हसा रस्त्यावरच्या गावांमध्ये आखातातून येणारा माणूस आधी खोक्यांवरून ओळखला जाई.

त्यानंतर तीन वर्षं तो आला नव्हता. या वर्षी तर दहा महिन्यांत तीनच पत्रं. शेवटचं दसऱ्याच्या आधी आलं. पाकिटावरचा शिक्का नेहमीच्या गावाचा नव्हता. आत खुशालीच्या दोन ओळी आणि मग चार गोष्टी:

तीस तारखेला सकाळी उतरेन. विमानतळाजवळच्या हॉटेलात एक दिवसाची खोली बघून ठेव. घरी तारीख सांगू नको, तू एकटीच ये. दोन मोठ्या बॅगा घेऊन ये, रिकाम्या.

तिने ते पत्र इतक्या वेळा वाचलं होतं की त्यातला प्रत्येक शब्द कुठल्या ओळीत येतो हे तिला पाठ झालं होतं. रिकाम्या बॅगा. आखातातून येणारा माणूस रिकाम्या बॅगा का मागवतो? आणि अडीच-तीन तासांवर स्वतःचं घर असताना हॉटेल कशाला?

टपरीवर चहा घेताना चंदर म्हणाला, "ताई, रागावू नको. पन दाजींनी तिकडं बाई ठेवली आसंल. ती पन त्याच इमानात आसंल. हिशेब मिटवायचा म्हणून हाटेल."

"मग बॅगा?"

"नायतर सोना. खोलीत उतरवायचा, दुसरा मानूस येतो, घेऊन जातो. मी पेपरात वाचलाय."

"तुझ्या दाजींना पाल मारवत नाय. सोना आणतील?"

"पाल मारायला कालीज लागतो. सोना आनायला फकस्त बॅगा लागतात," चंदर म्हणाला आणि स्वतःच हसला. ती हसली नाही, म्हणून त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला.

तिचा संशय वेगळा होता. मागच्या वर्षी टोकावड्याकडची एक बाई पोटुशी म्हणून रुग्णालयात आली होती. नवरा ट्रकवर. तिची व्हीडीआरएल, म्हणजे गुप्तरोगाची रक्ततपासणी, काशीनेच केली, दोनदा केली, आणि मग पुढच्या, एड्सच्या तपासणीसाठी रक्त जिल्ह्याला पाठवलं. रिपोर्ट आला त्या दिवशी ती बाई काशीला विचारत होती, "मी काय केला गो बाय?" त्या बाईला काहीच करावं लागलं नव्हतं. घरी बसून नवऱ्याची वाट बघितली, तेवढंच.

म्हणून काशीने ठरवलं होतं: भगीरथने घरी पाऊल टाकण्याआधी त्याचं रक्त घ्यायचं. हॉटेलचं त्याने सुचवलं ते तिच्याही पथ्यावर पडलं होतं. त्यासाठी उजेड हवा होता आणि हात टेकायला टेबल.

चौथं हॉटेल गल्लीच्या आत होतं. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत दोन पलंग, पूर्वेला मोठी खिडकी, तिच्याखाली सनमायकाचं टेबल. चादर उचलून तिने गादी बघितली. मोरीत फिनेलचा वास होता, जरा जास्तच. म्हणजे काहीतरी झाकायला टाकलेलं, पण निदान टाकलेलं होतं. मग तिने टेबलावर आपला हात उताणा ठेवला. कोपराच्या आतली शीर स्वच्छ दिसत होती.

"ही चालेल," ती म्हणाली.

मॅनेजरने तिच्याकडे, मग चंदरकडे बघितलं. "ये कौन?"

"भाऊ. बुधवारी नवरा येणार. दुबईहून."

"घर किधर?"

"मुरबाड."

"मुरबाड तो तीन घंटा. फिर हॉटेल काय को?"

हाच प्रश्न काशी पंधरा दिवस स्वतःला विचारत होती. शेवटी तिने रेशनकार्ड काढून काउंटरवर ठेवलं. मॅनेजरने कुटुंबप्रमुखाचं नाव वाचलं, तिचं वाचलं, मुलीचं वाचलं, कार्ड उलटून मागची बाजू बघितली. "पासपोर्ट भी दिखाना पडेगा उस दिन," तो म्हणाला. "हमारा इज्जतवाला हॉटेल है."

"आमचीपन इज्जतच हाय," चंदर म्हणाला.

घरी काशीने सासूला, लहानीबाईला, भगीरथ गुरुवारी येणार असं सांगितलं. लहानीबाई भातकापणीवरून आली होती. तिने बोटांवर दिवस मोजले आणि राघोला जीपचं सांगायला निघाली. काशीने तिला थांबवलं. जीप नको, कापणीचे दिवस आहेत, लोकांचा खोळंबा होईल, आपले आपण येऊ. इतकं एका दमात, इतकं सुबक खोटं ती पहिल्यांदाच बोलली. लहानीबाईने सुनेकडे जरा वेळ बघितलं. "बरा," ती म्हणाली, आणि विळा छपरात खोचला.

बुधवारी काशी विमानतळाच्या कठड्याबाहेर दीड तास उभी होती. दोन्ही रिकाम्या बॅगा एकीत एक घालून आणल्या होत्या. माणसं बाहेर येत होती. ढकलगाड्यांवर खोकी, टीव्ही, गुंडाळलेली ब्लँकेटं. ती प्रत्येक पुरुषाच्या शेजारी बाई आहे का ते बघत होती.

भगीरथ एकटाच आला. ढकलगाडी नव्हती. हातात एक प्लास्टिकची पिशवी. तो इतका वाळला होता की शर्टाच्या कॉलरमध्ये आणखी एक मान मावली असती. तिच्या डोक्यात आपोआप आकडे सुरू झाले: वजन दहा-बारा किलो कमी, डोळे पिवळे नाहीत, खोकला नाही.

"बॅगा आणल्यास?" तो म्हणाला. तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"आणल्या."

"कोनाला सांगितला नाय ना?"

"नाय."

रिक्षात तो मागे वळून दोनदा रस्ता बघत होता. तीही बघत होती, तो काय बघतो ते. हॉटेलात मॅनेजरने पासपोर्ट मागितला. भगीरथने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, फोटो आणि शिक्का असलेला. "पासपोर्ट नाय. हा हाय." मॅनेजरने तो कागद उजेडासमोर धरला, रेशनकार्डाशी ताडला आणि किल्ली देताना काशीकडे असं बघितलं की, बाई, तुम्ही तर शिकलेल्या दिसता, मग असल्या माणसाबरोबर कशा?

खोलीत शिरताच भगीरथने कडी लावली आणि पडदा ओढला. काशीने पडदा पुन्हा उघडला.

"काशी, बस. एक सांगायचा हाय."

"आधी हितं बसा. टेबलापाशी."

"आधी ऐक तरी..."

"मग ऐकते."

तिने पिशवीतून सिरिंज, रबराची नळी, कापूस आणि रक्त ठेवायचा काचेचा बल्ब काढून टेबलावर ओळीने मांडले. तो त्या वस्तूंकडे बघत राहिला. बायको काय काम करते हे त्याला ठाऊक होतं. त्याला समजायला वेळ लागला नाही.

"कसला बघनार?" त्याने विचारलं.

"सगळा."

बाहेरून एक विमान गेलं. काच थरथरली आणि थांबली. तो चिडेल, ओरडेल, निदान शपथ घेईल असं तिला वाटलं होतं, आणि त्या प्रत्येकासाठी तिने उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने बाहीचं बटण काढलं, बाही दोन घड्या करून कोपराच्या वर नेली आणि हात उताणा करून टेबलावर ठेवला. दंडावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते. काही नवे होते. तिने नळी आवळली. शीर पहिल्याच खेपेला सापडली. पाच मिली.

तिने बल्बवर आकडा लिहिला, नाव लिहिलं नाही. रक्त थर्मासात गार ठेवायचं होतं, म्हणून खाली जाऊन बर्फ मागितला. मॅनेजर म्हणाला, "रूममें दारू अलाउड नहीं." तिने थर्मास दाखवून "औषध" सांगितलं. हेही खोटंच, पण आता जड गेलं नाही.

परत आली तेव्हा भगीरथ पलंगाच्या अगदी कडेला बसला होता. कापूस अजून कोपरात दाबून धरलेला.

"आता सांगू?"

"सांगा."

कंपनी दीड वर्षापूर्वी बुडाली होती. पासपोर्ट मालकाकडे अडकला. मग तो लपून काम करत राहिला, आज इथे उद्या तिथे. खोलीत चौदा माणसं, झोपायला एकावर एक तीन फळ्या. बिनकागदाच्या लोकांना सरकारने परत जायला मुदत दिली तेव्हा रांगेत उभं राहून त्याने तो परतीचा कागद मिळवला.

"ह्या पिशवीत दोन कपडे हायत न एक साबण. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली. आईला, राघोला, समद्यांना काय दाखवू? म्हणून म्हटला, हितं उतरायचा, बाजारात जायचा, बॅगा भरायच्या न मग घरी." तो थांबला. "तुला मी दुसराच कायतरी केला आसा वाटला?"

काशीने थर्मासचं झाकण घट्ट होतं तरी पुन्हा फिरवलं. "हो," ती म्हणाली. जे आहे ते लिहायची सवय.

त्याने मान हलवली, नोंद घेतल्यासारखी.

दुपारी ती त्याच्याबरोबर बाजारात गेली. रक्त घेताना त्याने निमूट हात पुढे केला होता. आता तिची पाळी होती. अत्तराच्या बाटल्या, परदेशी नावाचे साबण, मुलीसाठी छत्री, लहानीबाईला बॅटरी. एक जाड ब्लँकेट घेतलं, त्यावर पानिपतची चिठ्ठी शिवलेली होती. हॉटेलात येऊन काशीने ब्लेडने त्या चिठ्ठीचे टाके एकेक करून सोडवले, कापडाला धक्का न लावता. बॅगा तरी भरेनात, म्हणून तळाशी वर्तमानपत्रं घातली. रात्री दोन पलंग होते, त्यामुळे कुणाला काही विचारावंही लागलं नाही.

गुरुवारी गावाने बॅगा बघितल्या. राघो म्हणाला, "भगीरथशेठ, खोकी कवा येनार? बोटीने का?" भगीरथने "हो, बोटीने," म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी विळा घेऊन शेतात गेला. बोटीचं पुढे कुणी विचारलं नाही. विचारलं असेल तर लहानीबाईला, आणि तिने काय सांगितलं ते काशीला कधी कळलं नाही.

जिल्ह्याहून रिपोर्ट दिवाळीनंतर तेरा दिवसांनी आला. तोवर भगीरथने एकदाही विचारलं नाही. आल्या दिवसापासून तो ओटीवर झोपत होता. भाताची राखण म्हणून, असं आईला सांगितलं होतं. काशीने पाकीट प्रयोगशाळेतच फोडलं, नावाऐवजी टाकलेला आकडा दोनदा ताडला आणि अर्धा दिवस रजा टाकून भर दुपारी घरी आली.

तो झोडणी आटोपून आला होता, ओटीवर आडवा पडला होता. तिला बघून उठून बसला.

"नाय काय," ती म्हणाली. "समदा चांगला हाय."

"मला ठाऊक व्हता."

ती खांबाला टेकून उभी राहिली. सांगायचं अजून एक होतं. न सांगता भागलं असतं, तिने सांगितलं. "नियम आसा हाय का तीन महिन्यांनी परत बघायचा. येका वेळच्यावर खातरी धरत नाय."

"मग घेशील तवा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याने बाहीला हातही लावला, जणू आताच.

काशीने ओटीकडे बघितलं. चांगली पंधरा हात लांब ओटी, रिकामी, सारवलेली. त्याने अंथरूण घातलं होतं ते भिंतीला चिकटून, अडीच फूट रुंद, जेमतेम एका फळीएवढं. उशाशी त्याच रुंदीत कंगवा, साबणाची डबी, घडी केलेला शर्ट, चपला. त्या चौकटीच्या बाहेर त्याची एकही वस्तू नव्हती. आपल्याच घरात तो इतकीच जागा घेऊन राहत होता, आणि इतके दिवस तिने त्याची रुंदी बघितली नव्हती.

ती आत गेली. आपली गोधडी आणली आणि त्याच्या अंथरुणाला लागून पसरली.

"आता? भर दुपारी?" तो म्हणाला. "आई येल."

"येऊ दे."

ती पडली, छपराच्या कौलांकडे तोंड करून. त्याने उशाशी दोघांच्या मध्ये आलेला कंगवा आणि साबणाची डबी उचलली, आणि भिंतीच्या बाजूला, पलीकडे ठेवली.